विचारली एक, सांगितल्या दोन

नोकराला सलाम करायला सांगता येते, मुलाला पाढे म्हणायला लावता येते. पण 'माझ्यावर प्रेम कर' असा हुकूम कोणी कोणाला देऊ शकतो काय? ज्याच्या हाती काठी आहे त्याच्यापुढे माणूस वाकेल, हसेल, प्रसंगी त्याला ओवाळीलसुद्धा. प्रेम मात्र करणार नाही. असे असूनही ख्रिस्ती धर्मात जी सर्वांत पहिली आज्ञा मानली आहे ती नेमकी अशीच आहे: देवावर प्रीती करावी, आणि तीही हातचे काही राखून न ठेवता.

मार्कच्या शुभवर्तमानात ही आज्ञा एका शास्त्र्याच्या प्रश्नाला उत्तर म्हणून आली आहे. सगळ्या आज्ञांत पहिली कोणती, असे त्याने विचारले. येशूने नवे काही काढले नाही. मोशेच्या पाचव्या पुस्तकातले, यहुदी माणूस रोज सकाळ-संध्याकाळ म्हणतो तेच वचन त्याने पुढे ठेवले. त्या जुन्या पुस्तकात या आज्ञेला लागूनच तिची जागाही सांगून ठेवली आहे. ती मुलांना शिकवावी, घरी आणि वाटेवर, निजतेवेळी आणि उठतेवेळी तिच्याविषयी बोलावे, दाराच्या चौकटीवर ती लिहावी. मंदिराचा किंवा यज्ञाचा तेथे उल्लेखही नाही.

अशी चौकट पाहायला दूर देशी जायला नको. अलिबाग, पेण, रोहे या भागांत बेने इस्रायल लोकांची मराठी बोलणारी वस्ती शतकानुशतके होती. 1948 नंतर त्यांतले बहुतेक इस्रायलला गेले, तरी काही घरे अजून आहेत. त्यांच्या दारावर मेझूझा नावाची लहानशी डबी ठोकलेली असते आणि तिच्या आत चर्मपत्रावर हीच आज्ञा लिहिलेली असते. परंपरा अशी सांगते, की कोकणात आल्यावर हे लोक आपली हिब्रू भाषा आणि बहुतेक धर्मग्रंथ विसरले. पण या आज्ञेच्या आरंभीचा 'शेमा' आणि शनिवारचा विसावा मात्र विसरले नाहीत. त्यांचा धंदा तेल गाळण्याचा. शनिवारी त्यांचा घाणा बंद, म्हणून गावाने त्यांना नाव दिले 'शनिवार तेली'. त्यांचा देव कोणता हे शेजाऱ्यापाजाऱ्यांना ठाऊक नसेल. त्या देवासाठी हा माणूस आठवड्यातली एका दिवसाची कमाई सोडतो, एवढे मात्र सगळ्या गावाला दिसत होते.

प्रेमाचा हुकूम देता येतो काय, या प्रश्नाचे थोडे उत्तर येथे मिळते. मनात उमाळा आणणे आपल्या हाती नाही, पण घाणा थांबवणे आपल्या हाती आहे. आज्ञा या हातच्या गोष्टीला आहे. उमाळा मागून येतो. कधी येतही नाही.

आता आज्ञेतले शब्द पाहू. मूळ हिब्रू वचनात तीन आहेत: अंतःकरण, जीव आणि शक्ती. मार्कच्या ग्रीकमध्ये चार झाले. बुद्धीची भर पडली. हिब्रूत 'अंतःकरण' म्हटले की विचारही त्यात येतो. ग्रीक वाचकाला मात्र तो वेगळा सांगावा लागला असावा. शक्तीचा जुन्या यहुदी आचार्यांनी केलेला अर्थ तर मोठा व्यवहारी आहे. शक्ती म्हणजे आपले धन, असे त्यांनी म्हटले. भजनात डोळे मिटून डोलणाऱ्या माणसाची वही आणि तराजूही या आज्ञेच्या कक्षेत आले!

बुद्धीने देवावर प्रीती करणे म्हणजे काय, हे महाराष्ट्राला पंडिता रमाबाईंनी दाखवले. 1878 साली कलकत्त्याच्या विद्वानांनी ज्या तरुणीला 'पंडिता' आणि 'सरस्वती' म्हणून गौरविले, तिने 1883 साली इंग्लंडात बाप्तिस्मा घेतला. 1896-97 च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतातून शेकडो मुली आणल्या आणि पुण्याजवळ केडगावला 'मुक्ती' उभी राहिली. शेती, हातमाग, छापखाना अशा कामांतून तेथल्या मुली आपल्या पायावर उभ्या राहू लागल्या.

एवढा व्याप सांभाळून, पंचेचाळिशी उलटल्यावर या बाईंनी सबंध पवित्र शास्त्र मराठीत आणण्याचे काम हाती घेतले. मूळ हिब्रू आणि ग्रीक ग्रंथ, त्यांचे कोश आणि व्याकरणे पुढ्यात घेऊन त्या बसल्या. मराठी भाषांतर आधीपासून होतेच. पण त्यातले संस्कृत वळण आपल्या मुलींना कळत नाही, असे त्यांना वाटे. ज्या बाईला संस्कृत मातृभाषेसारखे येत होते, तिने शब्दामागून शब्द सोपा केला. विद्वानाला अवघड लिहिणे सोपे असते. नुकतीच अक्षरे गिरवू लागलेल्या मुलीसाठी आपली विद्वत्ता गिळून लिहायचे, यात तिचा कस लागतो. मुक्तीतल्याच बायका-मुलींनी त्या मजकुराचे खिळे जुळवले. 1921 साली रमाबाईंची एकुलती एक लेक मनोरमा गेली. काम थांबले नाही. 5 एप्रिल 1922 रोजी रमाबाईही गेल्या आणि 1924 साली ते संपूर्ण शास्त्र छापून बाहेर पडले.

येथे एखादी वाचक भगिनी विचारील, "देवासाठी सर्वस्व देणाऱ्यांच्या कथा ऐकायला गोड; पण त्यांच्या घरच्यांचे काय?" प्रश्न रास्त आहे आणि तो टाळण्यात अर्थ नाही. 1895 साली नारायण वामन टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला, तेव्हा लक्ष्मीबाईंच्या पायाखालची जमीनच सरकली. लहान मुलाला घेऊन ती माउली काही वर्षे नवऱ्यापासून वेगळी, नातेवाइकांच्या आश्रयाने राहिली. पुढे ती परत आली, आणि ख्रिस्ती झाली ती स्वतःच्या विचाराने. पण मधल्या वर्षांचे दुःख खोटे होते, असे कोणी म्हणू नये. 'स्मृतिचित्रे' वाचणाऱ्याला ते हसता हसता लागते.

त्या शास्त्र्याने एकच आज्ञा विचारली होती. येशूने न विचारता दुसरीही सांगितली. तीही जुनीच, मोशेच्या तिसऱ्या पुस्तकातली: शेजाऱ्यावर आपल्याइतकीच प्रीती करावी. पहिली एकटी सोडली तर माणूस तिच्या आडोशाला सगळ्या जगाकडे पाठ फिरवून बसेल, हे त्याला ठाऊक असले पाहिजे. आणि शेजारी म्हणजे भिंतीपलीकडचाच असे थोडेच आहे? सर्वांत जवळचा शेजारी आपल्याच ताटाशेजारी जेवायला बसतो.

म्हणून ख्रिस्ती माणसाच्या देवप्रीतीची परीक्षा रविवारच्या उपासनेत होत नाही, ती सोमवारी होते. रात्रपाळीची परिचारिका चौथ्यांदा हाक मारणाऱ्या म्हाताऱ्याकडे कोणत्या चेहऱ्याने जाते? मास्तर मागच्या बाकावरच्या मुलाला तेच गणित पुन्हा समजावतो की नाही? दुकानदाराच्या काट्याचे दोन्ही पारडे सारखे आहेत ना? सासू प्रार्थनेहून उठल्यावर सुनेला पहिला शब्द कोणता बोलते? यांतले कोणतेही काम करताना देवाचे नाव ओठांवर असेलच असे नाही. गावाला शनिवार तेल्याचा देव ठाऊक नव्हता, बंद घाणा तेवढा दिसत होता.

दिवाळीत आपण दारावर तोरण बांधतो, उंबरठ्याशी पणती ठेवतो. पाहुणा आत येण्याआधी तिकडे पाहतो आणि घर कसे असेल याचा अंदाज बांधतो. पण तोरणाच्या आत काय चालते, हे घरातल्या माणसांना विचारावे. त्यांची साक्ष खरी.