गिधाडांची नजर आणि गोठ्यातले इंजेक्शन

मार्चमध्ये सागाची पाने झडली की चंद्रपूर-गडचिरोलीचे जंगल वरून उघडे पडते. पावसाळ्यात पानांच्या छताखाली दडलेले मेलेले जनावर आता आकाशातून दिसू शकते. तरी एवढ्या पसाऱ्यात ते हुडकणे सोपे नाही. गिधाडे हे काम वासावर करतात, असा सर्वसाधारण समज आहे. अमेरिकेतील टर्की व्हल्चरच्या बाबतीत तो खरा आहे. आपल्याकडची गिधाडे मात्र जवळजवळ पूर्णपणे डोळ्यांवर अवलंबून असतात.

हे डोळे केवळ जमिनीवर खिळलेले नसतात. ऊन तापले की वर चढणाऱ्या गरम हवेवर स्वार होऊन गिधाडे उंच जातात आणि एकमेकांपासून बरेच अंतर राखून घिरट्या घालू लागतात. प्रत्येकाचे लक्ष खाली असते, तसेच शेजाऱ्यावरही असते. कावळे कुठे गोळा झाले, घारी कुठे उतरल्या, याचीही नोंद होत असते. एखादे गिधाड खाली झेपावले की शेजारचे त्याच्याकडे वळते, त्याला पाहून पलीकडचे. पाहता पाहता कित्येक किलोमीटरवरून पाहुणे हजर होतात आणि मोठे ढोर तासाभरात हाडांवर येते. पक्ष्यांच्या बुद्धीचा विषय निघाला की कावळ्याचे नाव पुढे येते; गिधाडाला ते श्रेय कोणी देत नाही. पण शेजाऱ्याच्या हालचालीवरून दूरवरच्या अन्नाचा अंदाज बांधणे हीसुद्धा बुद्धीच.

या गुणानेच गिधाडांचा घात केला. डायक्लोफिनॅक हे माणसांच्या सांधेदुखीवरचे नेहमीचे औषध. नव्वदच्या दशकात ते गुरांनाही सर्रास दिले जाऊ लागले. इंजेक्शननंतर लवकरच दगावलेल्या जनावराचे मांस खाल्लेल्या गिधाडाची मूत्रपिंडे निकामी होतात, युरिक ॲसिडचे पांढरे थर आतड्या-काळजावर साचतात आणि काही दिवसांत पक्षी मरतो. हे कारण २००४ मध्ये जगापुढे आले. दर हजार मृत जनावरांपैकी अगदी मोजक्यांत हे औषध असले तरी संहारास पुरेसे होते, असे गणित त्यानंतर मांडले गेले. कारण उघड आहे. एका ढोरावर एकटे गिधाड येत नाही, निरोप मिळालेला सगळा थवा येतो. १९९२ ते २००७ या काळात देशातील पांढऱ्या पाठीची गिधाडे ९९ टक्क्यांहून अधिक घटली.

उरलेल्यांपुढे दुसरे संकट आहे. आकाशात पहारेकरी कमी झाले की साखळी तुटते. शेजारीच दिसत नसेल तर पाहायचे कोणाकडे? पूर्वी थव्याला जे अन्न सहज सापडे, ते आता एकट्यादुकट्याच्या नजरेतून सुटते. गडचिरोलीत वनविभागाने कुनघाडासारख्या भागांत चालवलेली ‘गिधाड उपाहारगृहे’ म्हणूनच उपयोगी ठरतात. ठरलेल्या जागी मृत जनावर मिळाले की शोधाशोधीचा भार हलका होतो.

गिधाडे संपली आणि गावाबाहेरचे मृत जनावर कुत्र्यांच्या वाट्याला आले. कुत्रे वाढले की रेबीजचा धोका वाढतो. इयाल फ्रँक आणि अनंत सुदर्शन या अर्थशास्त्रज्ञांनी २००० ते २००५ या वर्षांत गिधाडांच्या ऱ्हासामुळे देशात सुमारे पाच लाख अधिक माणसे मरण पावल्याचा अंदाज मांडला आहे. नेमक्या आकड्यावर वाद होऊ शकतो. संबंध नाकारणे कठीण आहे. म्हणून हा प्रश्न केवळ वनखात्यावर सोडून चालणार नाही. तो औषधाच्या दुकानाचाही आहे.

गुरांसाठी डायक्लोफिनॅकवर २००६ मध्ये बंदी आली. पण माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्या गोठ्यात पोहोचतच राहिल्या. २०१५ मध्ये माणसांच्या इंजेक्शनची बाटली तीन मिलिलिटरपुरती मर्यादित झाली. २०२३ मध्ये केटोप्रोफेन आणि ॲसिक्लोफिनॅकही गुरांसाठी बंद झाले. ॲसिक्लोफिनॅकचे गुरांच्या शरीरात डायक्लोफिनॅकच होते. बैल लंगडतोय म्हणून धावत आलेल्या शेतकऱ्याला दोष देण्यात अर्थ नाही. त्याला हवा असतो उतार, आणि जे हातात मिळेल ते तो नेतो. दुकानदाराने त्याला मेलोक्सिकॅम द्यावे. ते गुरांच्या वेदनेवर चालते आणि गिधाडांना सुरक्षित आहे. तालुक्याच्या प्रत्येक पशुवैद्यकीय दवाखान्यात ते कायम उपलब्ध असले, तर निम्मे काम होईल. दुकानांची तपासणी मात्र बंदीचा आदेश निघाला त्याच वर्षापुरती असून भागणार नाही.

जानेवारी २०२४ मध्ये हरियाणातील पिंजोरच्या प्रजनन केंद्रातून पांढऱ्या पाठीची दहा गिधाडे ताडोब्याच्या बोटेझरीत आणली गेली आणि नंतर ट्रान्समीटर लावून मोकळी केली गेली. पिंजऱ्यात वाढलेल्या या पक्ष्यांना आयते मांस मिळत होते. आता कावळ्यांकडे, घारींकडे, एकमेकांकडे पाहून ते त्यांना स्वतः शोधायचे आहे. त्यांना अभयारण्याच्या सीमा ठाऊक नाहीत. भरारी घेत ती कोणत्या गावच्या ढोरावर उतरतील, आणि त्या ढोराला मरणापूर्वी कोणते इंजेक्शन टोचलेले असेल, हे ट्रान्समीटर सांगू शकत नाही.