शरीर गोठलं म्हणजे होकार नव्हे

‘तू ओरडली का नाहीस?’ बलात्काराची तक्रार द्यायला बाईसोबत पोलीस ठाण्यात गेले की हा प्रश्न ठरलेला. ती सुन्न बसून राहिली, तर पुढचाही ठरलेला: ‘एवढं झालं, मग डोळ्यांत पाणी कसं नाही?’ समाजकार्याचं काम करताना हे मी इतक्यांदा ऐकलंय की आता राग गिळवत नाही.

मैत्रिणींनो, हे प्रश्न अडाणीपणाचे आहेत. धोका जाणवताच, विचार करायच्या आत, मूत्रपिंडावरच्या ग्रंथी अ‍ॅड्रिनालिन रक्तात सोडतात. छाती धडधडते, हातापायांत बळ येतं. लढायचं किंवा पळायचं. पण या दोन्ही वाटा बंद असतील तर शरीर गोठू शकतं. हात उचलत नाही, आवाज फुटत नाही. हे तिनं ठरवलेलं नसतं. तिच्या मज्जासंस्थेनं जीव वाचवण्यासाठी केलेलं असतं.

१९७२ साली देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात मथुरा या आदिवासी मुलीवर बलात्कार झाला. अंगावर जखमा नाहीत म्हणून तिची संमतीच होती, असं धरून सर्वोच्च न्यायालयानं १९७८ साली पोलिसांना सोडलं. बायका रस्त्यावर उतरल्या, १९८३ साली कायदा बदलला. तरी निव्वळ शारीरिक प्रतिकार केला नाही म्हणून संमती मानता येणार नाही, हे कायद्यात यायला २०१३ साल उजाडलं. आज ते भारतीय न्याय संहितेच्या कलम ६३ मध्ये आहे. ठाण्यातल्या टेबलापर्यंत मात्र पोचलेलं नाही.

धोका टळला की ठोके उतरतात, श्वास संथ होतो. पण धोका टळलाय हे शरीराला पटावं लागतं. दारात आरोपीचे नातेवाईक उभे, समोर चार पुरुष, अशा खोलीत ते कसं पटणार? तिथं ‘शांत हो, नीट आठवून सांग’ म्हणणं ही थट्टा आहे. भेदरलेल्या बाईची आठवण तुकड्यातुकड्यांनी येते. तिला खोटेपणा म्हणू नका.

तक्रार स्त्री अधिकाऱ्यानंच लिहून घ्यायची, हा कायदाच आहे. आपण त्यापुढे मागू या: बंद दाराची खोली, विश्वासाची बाई सोबत, घोटभर पाणी, आणि राहिलेलं नंतर सांगायची मुभा.

आणि यापुढे कुणी ‘ओरडली का नाहीस?’ विचारलं, तर तिच्या शेजारी बसलेल्या आपण विचारायचं, ‘साहेब, कलम ६३ वाचलंय का?’