छावणीची गटारे, गावाचे आरोग्य

देवळाली कॅम्पच्या नावावरून इंग्रजीत एक शब्द रूढ झाला आहे. ‘डूलॅली’ म्हणजे डोके फिरलेला. त्याचे जुने रूप ‘डूलॅली टॅप’, आणि त्यातला ‘टॅप’ म्हणजे आपला ताप. मुदत संपलेल्या गोऱ्या सैनिकांना मायदेशी जाणाऱ्या बोटीची वाट पाहत देवळालीत महिनोन्‌महिने काढावे लागत. काम नाही, ऊन रणरणते आणि साथीला हिवताप. माणसे भ्रमिष्टासारखी वागू लागत. या शब्दाची गंमत नेहमी सांगितली जाते. पण छावणी ही आजाराची जागा असू शकते, हे त्यातले सत्य मात्र मागे राहते.

थळ घाटातून रेल्वे १८६५ मध्ये वर आली आणि देवळालीला लष्करी महत्त्व आले. त्याच सुमारास हिंदुस्थानातील लष्कराच्या आरोग्याचा विचार मुळापासून बदलत होता. १८५९ मध्ये नेमलेल्या शाही आयोगाचा अहवाल १८६३ मध्ये आला. ब्रिटिश सैनिकांचा वार्षिक मृत्युदर हजारी ६९ असल्याचे त्यातून पुढे आले. हे बळी लढाईपेक्षा कॉलरा, हगवण, विषमज्वर आणि हिवतापाचे होते. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी हिंदुस्थानात पाऊलही न ठेवता छावण्यांकडून आलेली उत्तरे वाचून काढली आणि दोष नेमका दाखवला: घाण पाणी, तुंबलेला निचरा, दाटीवाटी, कोंदट बराकी. म्हणजे उपाय औषधाच्या बाटलीत नव्हता. तो गवंड्याच्या ओळंब्यात आणि नालीच्या उतारात होता.

त्यानंतरच्या बराकी पाहिल्या तर हा विचार विटादगडांत दिसतो. उंच जोते, उंच छत, आढ्याजवळ झरोके, भोवती रुंद ओसरी, दोन इमारतींमध्ये मोकळी जागा. विहिरीपासून शौचकूप दूर आणि उतारावर. गंमत अशी, की यामागचे शास्त्र बरेचसे चुकीचे होते. दूषित हवेतून रोग होतो, असा तेव्हाचा समज होता. डासातून हिवताप पसरतो, हे रोनाल्ड रॉस यांनी १८९७ मध्ये सिकंदराबादेत दाखवण्याच्या दिशेने निर्णायक पाऊल टाकले, तोवर या बराकी उभ्या राहिल्या होत्या. पण दलदल हटली की डासही हटतात, आणि मैला दूर गेला की कॉलराही. दहा वर्षांत मृत्युदर हजारी १८ पर्यंत उतरल्याचे नाइटिंगेल यांनी पुढे लिहिले. कोणत्याही एका औषधाला असे यश क्वचितच मिळते.

या आखणीत एक खोट मात्र होती. छावणी निरोगी ठेवायची म्हणजे तिला गावापासून तोडायचे, असा तो हिशेब होता. बाजार, नोकरचाकर, शेजारचे खेडे यांच्या पाण्याचे काय, हा प्रश्न दुय्यम राहिला. ती सवय अजून पुरती गेलेली नाही. देवळालीत लष्करी भागाची बांधकामे आणि पाणी मिलिटरी इंजिनिअर सर्व्हिसेसकडे, नागरी भाग कॅन्टोन्मेंट बोर्डाकडे, आणि लॅम रोडने थोडे पुढे आले की महापालिका. डासाला ही हद्द ठाऊक नसते. डेंग्यूचा एडिस अंड्यापासून पूर्ण डास व्हायला उन्हाळ-पावसाळ्यात आठ-दहा दिवस घेतो. एका बाजूला सोमवारी धूरफवारणी झाली आणि दुसऱ्या बाजूला पंधरा दिवसांनी, तर मधल्या काळात नवी पिढी तयार असते. त्यात धुराने अळ्या मरत नाहीतच. पाण्याच्या टाक्या, कूलर, टायर रिकामे करावे लागतात, आणि तेही दोन्हीकडे एकाच आठवड्यात.

जमिनीखालचे पाणीही हद्द मानत नाही. नाशिकच्या काळ्या पाषाणात शोषखड्डा नीट जिरत नाही. सांडपाणी मुरमातून आणि भेगांतून वाट काढते आणि पावसाळ्यात भलत्याच विहिरीत उतरते. अमेरिकेतील कॅम्प लेज्यून या मरीन तळाची गोष्ट इथे ताडून पाहावी. १९५३ ते १९८७ या काळात तिथल्या पिण्याच्या पाण्यात ट्रायक्लोरोएथिलीनसारखी द्रावणे मिसळली होती. काही गळती तळाच्या आतली होती, तर काही तळाबाहेरच्या कपडे धुण्याच्या दुकानातून आली होती. मूत्रपिंडाच्या व रक्ताच्या कर्करोगाशी त्याचा संबंध जोडला गेला आणि भरपाईचा दावा करता यावा म्हणून २०२२ मध्ये कायदा करावा लागला. असे रसायन डोळ्यांना दिसत नाही, क्लोरीनने जात नाही. आपल्याकडे पाणी तपासताना जंतू पाहिले जातात, आणि ते योग्यच आहे. पण वाहनशाळा, इंधनटाक्या, विमानतळावरचा आग विझवण्याचा फेस असलेल्या परिसरात तेवढ्यावर थांबणे म्हणजे तापाच्या रुग्णाची फक्त नाडी पाहणे होय.

छावण्यांमधील नागरी वस्त्या लगतच्या पालिकांकडे सोपवण्याचे केंद्राचे धोरण आहे. हिमाचलमधील योलपासून २०२३ मध्ये सुरुवात झाली. देवळालीत या विषयावर चर्चा होते ती घरपट्टी, बांधकाम परवाने आणि चटई क्षेत्राची. लोकांना त्याची काळजी असणे स्वाभाविक आहे. पण कागद हस्तांतरित होताना नाल्यांचा नकाशा, गटारांचे उतार, कोणत्या टाकीचे पाणी कुठे जाते, विहिरींच्या तपासणीच्या नोंदी आणि तापाच्या रुग्णांची वस्तीनिहाय यादी हेही हातात पडले पाहिजे. भगूर, विहितगाव, देवळालीगाव यांचा उतार त्याच नकाशावर हवा. लष्करी रुग्णालयात निघालेला डेंग्यूचा रुग्ण आणि पालिकेच्या दवाखान्यात निघालेला रुग्ण एकाच आठवड्याच्या एकाच तक्त्यात यायला हवेत, म्हणजे सोमवारी कोणत्या गल्लीत टाक्या उपशायच्या, हे मलेरिया विभागाला शनिवारीच कळेल.