शाळेपासून पाच मिनिटांवर

केळझरच्या टेकडीवरचा सिद्धिविनायक विदर्भातल्या अष्टविनायकांपैकी एक. त्याला ‘एकचक्रा गणेश’ असेही म्हणतात, कारण महाभारतातली एकचक्रानगरी ती हीच, अशी या पंचक्रोशीची जुनी श्रद्धा आहे. बकासुराची गोष्ट इथल्या शेंबड्या पोरालाही पाठ असते : दररोज एका घराची पाळी, गाडाभर अन्न, सोबत एक माणूस, आणि एके दिवशी त्या गाड्यावर भीम. राक्षस मेला की सांगणारा पुढच्या कथेकडे वळतो. आदिपर्व मात्र जाता जाता एक बारीकशी माहिती देते. बकासुर मेल्यावरही पांडव ज्या ब्राह्मणाकडे आश्रयाला होते त्याच्याच घरी राहिले आणि तिथे त्यांचे वेदाध्ययन चालू होते. आई, पाच मुलगे, परक्याच्या घरातली जागा आणि अभ्यास! ते आले होते लाक्षागृहातून निसटून, तोंड लपवायला. शाळा बघून नव्हे. तरी श्रद्धा खरी धरली तर खोली करून शिकणारे हे केळझरचे पहिलेच कुटुंब म्हणायला हरकत नाही.

आता वाहतूक उलट्या दिशेने आहे. नागपूर पन्नासेक किलोमीटर, वर्धा पंचवीसेक, मधे केळझर. गाव इतके लांब नाही की सोडून जावे, आणि इतके जवळही नाही की मुलांना रोज शहरातल्या शाळेत सहज धाडावे. अशा गावांची स्वतःची एक जीवनपद्धती झाली आहे. तिचे नाव ‘अप-डाऊन’. बँकेतला माणूस अप-डाऊन करतो, दवाखान्यातला करतो, गुरुजी करतात. आणि ज्यांना हे रोजचे जमत नाही ती कुटुंबे वर्ध्याला किंवा नागपूरला खोली करतात.

रविवारी संध्याकाळी थांब्यावर ही कुटुंबे ओळखू येतात. बाईच्या हातातली पिशवी जड असते : घरची तुरीची डाळ, ज्वारीचे पीठ, जुन्या साडीच्या तुकड्यात घट्ट बांधलेली लोणच्याची बरणी. पोराच्या पाठीवर दप्तर, हातात इस्त्री केलेल्या गणवेशाचा हँगर, कारण पिशवीत घडी मोडते. बाप सोडायला आलेला असतो. तो शेत आणि जनावरे सोडून कुठे जाणार? सोयाबीन निघाले की तूर, तूर उभी असतानाच कापसाची वेचणी. घरे दोन, चुली दोन, विजेची बिले दोन. भाड्याच्या खोलीत दाराच्या मागे शाळेचे वेळापत्रक चिकटवलेले, त्याखाली घरमालकाच्या नळाच्या वेळा. त्यातले कोणते वेळापत्रक अधिक कडक असते, हे खोली केलेल्या बाईलाच विचारावे.

या कुटुंबांना हवे असते ते नुसते घर नव्हे. हवी असते जुनी, मुरलेली वस्ती. नागपुरात धरमपेठ, लक्ष्मीनगर, रामदासपेठ, वर्ध्यात रामनगर. अशा वस्तीत रस्त्याकडेची झाडे घरांपेक्षा उंच झालेली असतात. कोपऱ्यावरच्या स्टेशनरीवाल्याला शाळेचे नाव आणि इयत्ता सांगितली की तो वह्यांची संख्या, कव्हरचा रंग आणि नकाशावहीचा प्रकार न विचारता काढून देतो. मुले नेणाऱ्या ऑटोवाल्याला कोणत्या गल्लीतले पोर उशिरा उठते ते ठाऊक असते. शेजारची आजी निवृत्त मुख्याध्यापिका निघते आणि गणित फुकटात तपासते. नव्या लेआऊटमध्ये रस्ते, नाल्या, वीज सगळे मिळेल. पण चाळीस वर्षे मुलांना शाळेत पाठवून झालेला शेजार प्लॉटसोबत मिळत नाही. म्हणून जाहिरातीत ‘शाळा पाच मिनिटांवर’ ही ओळ सर्वांत मोठ्या टायपात असते. ती पाच मिनिटे कोणत्या वाहनाने, हे मात्र जाहिरात सांगत नाही.

वस्ती चांगली म्हणून शाळा चांगली, असा सर्वसाधारण समज. महाराष्ट्राचा इतिहास बराचसा उलटा आहे. १८९६ च्या प्लेगनंतर मुंबईत १८९८ साली सुधार प्रन्यास स्थापन झाला. दाटीवाटीच्या मुंबईबाहेर, दादर-माटुंग्याकडे त्याने आखलेले भूखंड पाडले आणि त्यांतून हिंदू कॉलनी, पारशी कॉलनी उभ्या राहिल्या. हिंदू कॉलनीला मध्यमवर्गीय मराठी घरांत जे वजन आले त्यात तिथल्या किंग जॉर्ज शाळेचा, म्हणजे आजच्या राजा शिवाजी विद्यालयाचा, मोठा वाटा. शिवाजी पार्कला १९४० साली दादासाहेब रेग्यांचे बालमोहन विद्यामंदिर सुरू झाले. पार्ल्याची गोष्ट आणखी बोलकी. लोकमान्य गेले १ ऑगस्ट १९२० रोजी. पुढच्याच वर्षी तिथल्या मंडळींनी पार्ले टिळक विद्यालय काढले, १९२३ मध्ये लोकमान्य सेवा संघ. त्या वेळचे पार्ले म्हणजे मुंबईबाहेरचे छोटे उपनगर. पु. ल. देशपांडे याच शाळेचे विद्यार्थी. ‘पार्लेकर’ नावाची जी जात पुढे मराठीत रूढ झाली, ती आधी वर्गात घडली आणि मग सोसायट्यांच्या गच्चीवर मिरवू लागली. नागपुरातही १९३६ च्या कायद्याने सुधार प्रन्यास आला आणि शहर पश्चिमेकडे आखीवपणे पसरले; तिथेही कुटुंबांनी प्लॉट निवडताना मैदानाआधी शाळा पाहिली.

या सगळ्या वस्त्या एका पिढीने वर्गणी काढून, वेळ घालून, प्रसंगी भांडून उभ्या केल्या. दुसऱ्या पिढीने त्यांत वास्तव्य केले. तिसरी पिढी आता चौरस फुटाच्या भावाने त्या विकत घेऊ पाहते आहे, आणि परवडत नाही म्हणून हळहळते.

पैसे मोजून शेजार घेण्याची ही रीत जगभर आहे, आणि मोजलीही गेली आहे. अमेरिकी अर्थतज्ज्ञ सँड्रा ब्लॅक यांनी बोस्टनच्या उपनगरांतली घरे तपासली. युक्ती साधी होती. रस्ता तोच, घरे सारखीच. पण शाळेच्या हद्दीची रेघ मधून गेलेली, त्यामुळे अलीकडची मुले एका शाळेत आणि पलीकडची दुसऱ्या शाळेत. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधाचा निष्कर्ष असा, की चाचणीचे गुण पाच टक्क्यांनी वाढले तर पालक घरासाठी सुमारे अडीच टक्के जास्त मोजतात. न्यू जर्सीतल्या एडिसनकडे स्थिरावलेल्या मराठी कुटुंबांना हे समजावून सांगावे लागत नाही. घर बघायला जाण्याआधीच ती शाळेला दहापैकी किती गुण आहेत ते संकेतस्थळावर पाहतात. तिथे शाळांचा मोठा खर्च घरपट्टीतून निघतो. म्हणजे घर महाग तर कर जास्त, कर जास्त तर शाळा संपन्न, आणि शाळा संपन्न म्हणून घर पुन्हा महाग. हे चाक तिथे कायद्यानेच फिरते.

आपला कायदा निदान कागदावर तरी दुसरे सांगतो. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा २००९ चा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे प्राथमिक शाळा मुलाच्या घरापासून एक किलोमीटरच्या आत आणि उच्च प्राथमिक तीन किलोमीटरच्या आत हवी. घराने शाळेकडे जायचे नाही, शाळेने घराकडे यायचे. त्याच कायद्याने खासगी शाळांत दुर्बल व वंचित घटकांतल्या मुलांसाठी राखलेल्या पंचवीस टक्के जागांनी मात्र अंतराला वेगळेच मोल आणले. ऑनलाईन अर्जात नकाशावर घराचा ठिपका ठेवायचा आणि शाळा एक किलोमीटरच्या वर्तुळात पडते का ते पाहायचे, नाहीतर तीनच्या. भाडेकरूला नोंदणीकृत करारनामा लागतो. बोट इंचभर सरकले की शाळांची यादी बदलते. फेब्रुवारी २०२४ मध्ये शासनाने नियम फिरवले : एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी विनाअनुदानित शाळेला या जागा देण्यातून सूट. मुंबई उच्च न्यायालयाने मे महिन्यात त्याला स्थगिती दिली आणि १९ जुलै २०२४ रोजी तो बदल रद्दच केला. कुठे राहता यावर काय शिकायला मिळेल हे ठरू नये, एवढाच वाद होता. पण त्यासाठी पालकांना कोर्टाची पायरी चढावी लागली.

शाळेने घराकडे यावे, हा विचार केळझरकरांना तर परका असण्याचे कारण नाही. २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ रोजी वर्ध्यात गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली. डॉ. झाकिर हुसेन यांच्या समितीने तिच्या ठरावांचा आराखडा केला : सात वर्षांचे मोफत व सक्तीचे शिक्षण, मातृभाषेतून, हाताच्या उद्योगाभोवती गुंफलेले. नई तालीम ती हीच. खेड्यातले मूल खेड्यात राहूनच उत्तम शिकेल, हा तिचा गाभा. सेवाग्रामला २००५ साली ‘आनंद निकेतन’ ही शाळा त्याच परंपरेत पुन्हा सुरू झाली. त्या परिषदेचा जिल्हा आज गावोगावच्या पिवळ्या व्हॅननी गजबजला आहे. सकाळी सातला फाट्यावर उभे राहिले की इंग्रजी माध्यमाची, म्हणजे इकडे सर्रास म्हणतात ती ‘कॉन्व्हेंट’ची, पोरे टाय सावरत चढताना दिसतात आणि त्याच वेळी शहराकडून येणाऱ्या गाडीतून जिल्हा परिषदेचे गुरुजी उतरतात.

गुरुजींवर तोंडसुख घेणे सोपे आहे. मुख्यालयी राहत असल्याचा ग्रामसभेचा ठराव, घरभाडे भत्ता, त्यावरून होणारी भांडणे हे दरवर्षीचेच. पण त्यांचीही मुले आहेत आणि त्यांनाही चांगली शाळा जवळ असलेली वस्तीच हवी आहे. सरपंचांची नातवंडेही तिकडेच. गावाचे खरे नुकसान इथे होते. अल्बर्ट हर्शमन या अर्थशास्त्रज्ञाने १९७० मध्ये लिहिलेल्या पुस्तकात नेमके शाळेचेच उदाहरण घेतले आहे. दर्जा घसरला की सर्वांत आधी तेच पालक निघून जातात ज्यांना दर्जा कळतो. म्हणजे ज्यांनी भांडून शाळा सुधारली असती, तेच. मागे उरतात ते भांडू न शकणारे. पटावरचे आकडे मग आपोआप उतरतात. वीसपेक्षा कमी पट असलेल्या शाळा राज्यात चौदा हजारांहून अधिक आहेत, असे २०२३ साली समूह शाळांचा विषय निघाला तेव्हा सांगितले गेले. त्या जवळच्या मोठ्या शाळेत मिळवायच्या, असा तो प्रस्ताव. एक किलोमीटरच्या नियमाचे मग काय करायचे, ते प्रस्तावात शोधावे लागते.

उलटे घडू शकते, हे शिरूर तालुक्यातल्या वाबळेवाडीने दाखवले. जिल्हा परिषदेची शाळा, साधी वाडी; पण शिक्षक आणि गावकरी एकत्र लागले, गावाने जमीन दिली आणि प्रवेशासाठी प्रतीक्षा यादी लागली. शहरातले पालक वाडीत घर मिळेल का, अशी चौकशी करू लागले. पुढे तिथे वादही झाले. तरीही जिथे चांगली शाळा, तिथे वस्तीचा भाव चढतो हा नियम खेड्यालाही लागू आहे, एवढे तरी सिद्ध झाले. इकडे मात्र चर्चा झाली ती रस्त्याची. समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला; तो केळझरच्याच सेलू तालुक्यातून जातो. रस्त्याच्या कडेने जमिनीची चर्चा जेवढ्या उत्साहाने झाली, त्याच्या निम्म्या उत्साहाने शाळेच्या पटाची झाली असती तर बरे झाले असते.

आमचा यंदाचा दिवाळी अंक या विषयाला वाहिलेला आहे. खोली करून राहिलेल्या आयांची मनोगते त्यात आहेत, अप-डाऊन करणाऱ्या शिक्षकांची बाजूही आहे आणि पासावर सेलूला व वर्ध्याला जाणाऱ्या मुलींचे अनुभवही. एसटीत ग्रामीण मुलींना शाळेसाठी अहिल्याबाई होळकर योजनेतून प्रवास मोफत आहे; मुलींच्या लेखनात या पासाचा उल्लेख परीक्षेपेक्षा जास्त वेळा येतो. कविता आणि पाककृती नेहमीच्या ठिकाणी आहेत. वर्गणीदारांना एक विनंती : गेल्या वर्षीचे बरेच अंक ‘पत्त्यावर राहत नाहीत’ असा शेरा घेऊन परत आले. मुलांच्या शाळेसाठी जागा बदलली असल्यास नवा पत्ता पिनकोडसह कळवावा. गावातलाही चालू असेल, तर कोणत्या घरी कोणत्या वारी माणूस भेटेल तेही लिहावे.