फुकटातले सदस्यत्व आणि पासाचा हिशेब

प्रतिनिधी
आसनगाव

‘पहिले ३० दिवस मोफत, नंतर केव्हाही रद्द करा’ अशी हमी देणाऱ्या प्रवास-सदस्यत्वाच्या जाहिराती आता मुंबई-पुण्याच्या उच्चभ्रू ग्राहकापुरत्या राहिलेल्या नाहीत. कसारा मार्गावरील लोकलमध्ये उभ्याने प्रवास करणाऱ्या नोकरदाराच्या मोबाइलवरही त्या येऊन पोहोचतात. हॉटेलच्या भाड्यात सवलत, विमानाचे तिकीट रद्द केल्यास पूर्ण परतावा, विमानतळावरील विश्रामकक्षात प्रवेश, ॲपवरून बोलावलेल्या टॅक्सीच्या भाड्यात कपात अशी आमिषांची लांबलचक यादी त्यांत असते. सुरुवातीला एक पैसाही भरायचा नसतो. खात्यातून रक्कम वळती करण्याची परवानगी मात्र द्यावी लागते.

हे सदस्यत्व घ्यावे की न घ्यावे, हा प्रश्न वरकरणी किरकोळ वाटतो. परंतु ज्या खात्यातून गृहकर्जाचा हप्ता, विजेचे बिल आणि मुलांची फी जाते, त्याच खात्यातून महिन्याच्या अखेरीस दीड हजार रुपये नकळत गेले, तर हप्ता चुकण्याची वेळ येते. त्यावर बँकेचा दंड वेगळाच. शहापूर-मुरबाड परिसरातील मध्यमवर्गीय कुटुंबाच्या दृष्टीने म्हणूनच हा विषय चैनीचा नसून घरखर्चाच्या ताळेबंदाचा आहे.

आसनगावला माहीत असलेले गणित

प्रवासाच्या सदस्यत्वाचा हिशेब आसनगावकरांना नवा नाही. रेल्वेचा पास म्हणजे दुसरे काय? ठरावीक रक्कम आगाऊ भरायची आणि त्या बदल्यात ठरावीक मुदतीत हवा तितका प्रवास करायचा. मासिक पासाच्या २.७ पट रकमेत तिमाही, ५.४ पट रकमेत सहामाही आणि १०.८ पट रकमेत वार्षिक पास मिळतो. म्हणजे जास्त मुदतीचा पास घेतल्यास एक दशांश बचत. तरीही सर्वच प्रवासी वार्षिक पास काढत नाहीत. मे महिन्यात गावी जायचे आहे का, नोकरी तिथेच राहणार आहे का, बदलीची शक्यता आहे का, हे सारे पाहून तिकीट खिडकीवरचा प्रवासी निर्णय घेतो. न केलेल्या प्रवासावरची सवलत ही बचत नसते, हे अर्थशास्त्राचे पुस्तक न उघडता त्याला कळलेले असते.

महामार्गावरही हाच हिशेब आहे. केंद्र सरकारने १५ ऑगस्ट २०२५ पासून खासगी मोटारींसाठी फास्टॅगचा वार्षिक पास सुरू केला. सुरुवातीला त्याची किंमत ३ हजार रुपये होती आणि मुदत एक वर्ष किंवा २०० फेऱ्या, यांपैकी जे आधी संपेल ते. पूर्ण वापर झाला तर एका फेरीला १५ रुपये पडतात. पडघ्याजवळचा अर्जुनली टोलनाका रोज ओलांडून कामाला जाणाऱ्याच्या महिन्याला साधारण ५० फेऱ्या होतात. त्याचा पास चार महिन्यांत संपला, तरी तो फायद्यातच राहतो. याउलट महिन्यातून एकदाच घोटीचा नाका ओलांडून नाशिकला जाऊन येणाऱ्याच्या वर्षभरात २४ फेऱ्या होतील आणि त्याला प्रत्येक फेरी १२५ रुपयांना पडेल. शिवाय हा पास राष्ट्रीय महामार्ग व राष्ट्रीय द्रुतगती मार्गांपुरताच आहे. शहापूर तालुक्यातून जाणाऱ्या आणि ५ जून २०२५ रोजी आमण्यापर्यंत पूर्ण खुल्या झालेल्या समृद्धी महामार्गावर तो चालत नाही. एकच पास, एकच किंमत. पण एकाला लाभ आणि दुसऱ्याला तोटा. सदस्यत्वाची योग्यता जाहिरातीवर ठरत नाही, ती सदस्याच्या वापरावर ठरते.

फरक मौनाचा

मग मोफत सदस्यत्वात वेगळे काय आहे? रेल्वेचा पास मुदत संपताच आपोआप संपतो. पुढे चालू ठेवायचा असेल, तर प्रवाशाने पुन्हा पैसे भरावे लागतात. प्रवाशाचे मौन म्हणजे नकार, असा तेथे अर्थ होतो. मोफत चाचणीच्या सदस्यत्वात नेमके उलटे घडते. मुदत संपताच ते आपोआप सशुल्क होते आणि ग्राहकाचे मौन म्हणजे होकार मानला जातो.

या व्यवसायाची सारी भिस्त या एका बदलावर आहे. पहिल्या दिवशी उत्साहाने नाव नोंदविणारा ग्राहक तिसाव्या दिवशी परीक्षा, लग्नकार्य किंवा आजारपण यांत गुंतलेला असू शकतो. रद्द करण्याचा पर्याय सापडलाच, तर ‘आपण इतक्या सवलतींना मुकणार आहात, तरीही पुढे जायचे का?’ असे दोन-तीन पडदे ओलांडावे लागतात. विसर हा येथे ग्राहकाचा दोष असला, तरी विक्रेत्याचे ते उत्पन्न आहे.

जगभरात या पद्धतीकडे आता नियामकांचे लक्ष गेले आहे. अमेरिकेत ॲमेझॉन कंपनीने ग्राहकांना त्यांच्या स्पष्ट संमतीविना ‘प्राइम’ सदस्यत्वात ओढल्याचा व रद्द करणे अवघड केल्याचा आरोप तेथील फेडरल ट्रेड कमिशनने केला होता. सप्टेंबर २०२५ मध्ये हे प्रकरण २५० कोटी डॉलरच्या तडजोडीने मिटले. त्यांपैकी १५० कोटी डॉलर ग्राहकांच्या परताव्यासाठी राखून ठेवण्यात आले.

भारतातही केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी ‘डार्क पॅटर्न’ रोखण्यासाठी मार्गदर्शक तत्त्वे अधिसूचित केली. त्यांत नमूद केलेल्या १३ प्रकारांमध्ये ‘वर्गणीचा सापळा’ हा स्वतंत्र प्रकार आहे. सदस्यत्व रद्द करणे अशक्य किंवा किचकट करणे, रद्द करण्याचा पर्याय दडविणे, मोफत सदस्यत्वासाठी खात्याचा तपशील किंवा परस्पर वळतीची परवानगी देण्यास भाग पाडणे, या गोष्टी त्यात मोडतात. म्हणजेच ज्या अटीवर यांतील अनेक ‘मोफत’ योजना उभ्या असतात, ती अटच कायद्याच्या नजरेत संशयास्पद ठरली आहे.

पूर्वीची ठेच

प्रवासाच्या सदस्यत्वाने महाराष्ट्राला याआधीही मोठी ठेच लागलेली आहे. पॅनकार्ड क्लब्ज या मुंबईच्या कंपनीने सुट्टीतील मुक्कामाच्या सदस्यत्वाच्या नावाखाली पैसे घेतले. मुक्काम न केल्यास मुदतीअंती वाढीव रक्कम परत मिळेल, असे त्यात आकर्षण होते. ‘सेबी’च्या म्हणण्यानुसार २००२-०३ ते २०१३-१४ या काळात सुमारे ५१ लाख ५५ हजार गुंतवणूकदारांकडून ७ हजार ३५ कोटी रुपये गोळा झाले. ही नोंदणी नसलेली सामूहिक गुंतवणूक योजना असल्याचा निष्कर्ष काढून ‘सेबी’ने २९ फेब्रुवारी २०१६ रोजी पैसे परत करण्याचा आदेश दिला. परंतु आदेश आणि प्रत्यक्ष परतावा यांत किती अंतर असते, ते सदस्यांना पुढील अनेक वर्षे अनुभवावे लागले.

मोबाइलवरील दीड हजारांचे सदस्यत्व आणि ती योजना यांची तुलना करणे अन्यायाचे होईल. रक्कम निराळी, स्वरूप निराळे. तथापि, दोन्हींत एक धागा समान आहे. प्रत्यक्ष प्रवास किती होणार, याचा विचार मागे पडतो आणि ‘मिळणाऱ्या लाभा’चे चित्र पुढे येते.

कोणत्या प्रवासावर सवलत?

येथील कुटुंबाने सर्वप्रथम आपला प्रवास कोणता, हे पाहावे. रोजचा प्रवास लोकलचा. गावोगावचा प्रवास एसटीचा किंवा जीपचा. मुरबाडला तर अद्याप रेल्वेच नाही, तेव्हा तेथे एसटीवाचून गत्यंतर नाही. रेल्वे आणि एसटी यांचे भाडे शासकीय पातळीवर ठरते. कोणतेही खासगी सदस्यत्व ते कमी करू शकत नाही. फार तर मध्यस्थाचे सेवाशुल्क माफ होते. एसटीत महिलांना मार्च २०२३ पासून निम्मे भाडे आणि पंच्याहत्तरी ओलांडलेल्यांना ऑगस्ट २०२२ पासून मोफत प्रवास, या सवलती कोणत्याही वर्गणीशिवाय मिळाल्या. रेल्वेतील ज्येष्ठ नागरिकांची सवलत मात्र मार्च २०२० मध्ये थांबविण्यात आली. ती पोकळी सदस्यत्वाच्या जाहिरातींनी भरून निघेल, अशा भ्रमात कोणी राहू नये.

उरतात ती विमानाची तिकिटे, हॉटेल, खासगी बस आणि टॅक्सी. टॅक्सीवरील सवलतीचा उपयोग ठाणे-मुंबईत जितका होईल, तितका शहापूरच्या वाड्या-वस्त्यांवर होणार नाही. विश्रामकक्षात बसण्यासाठी आधी मुंबईचा किंवा डिसेंबर २०२५ मध्ये वाहतूक सुरू झालेला नवी मुंबईचा विमानतळ गाठावा लागेल.

आता एक उदाहरण घेऊ. समजा, सदस्यत्वाची वार्षिक वर्गणी १,४९९ रुपये आहे आणि प्रत्येक बुकिंगवर १० टक्के सवलत आहे. परंतु कमाल मर्यादा ३०० रुपये. १२ हजारांच्या बुकिंगवर १,२०० रुपये वाचतील, असे घाईत वाटते. प्रत्यक्षात वाचतात ३००. वर्षात किमान ३ हजार रुपयांची पाच बुकिंगे केली, तर १,५०० रुपयांची सवलत मिळून निव्वळ फायदा होईल एक रुपयाचा. दिवाळीत एकदा कोकणात आणि मे महिन्यात एकदा देवदर्शनाला जाणाऱ्या कुटुंबाची दोन बुकिंगे होतात. त्याला जवळजवळ ९०० रुपयांचा तोटा. त्यातही सदस्याला दाखविलेला ‘सवलतीचा’ दर अन्यत्र सदस्यत्वाविना मिळणाऱ्या दरापेक्षा खरोखर कमी आहे का, हे हॉटेलला थेट दूरध्वनी करून पाहिलेले बरे.

चाचणी केव्हा घ्यावी?

याचा अर्थ मोफत चाचणी सर्वथा त्याज्य आहे, असा नाही. जो प्रवास आधीच ठरलेला आहे आणि ज्याचे बुकिंग त्या ३० दिवसांत करायचेच आहे, त्यासाठी चाचणी घेण्यात शहाणपण आहे. मुलाला परगावी प्रवेश मिळाला आहे, चौघांची विमान-तिकिटे काढायची आहेत, तारीख पक्की आहे, अशा वेळी मिळणारी सवलत खरीच बचत असते. सवलत मिळते म्हणून प्रवास शोधणे मात्र उलटा व्यवहार आहे.

अशा वेळीही एक अट बारकाईने वाचावी. लाभ बुकिंगच्या दिवशी सदस्य असल्याने मिळतो की प्रवासाच्या दिवशी सदस्य असल्याने? तिकीट रद्द केल्यास पूर्ण परतावा देण्याचे आश्वासन प्रवासाच्या तारखेपर्यंत सदस्यत्व चालू असण्यावर अवलंबून असेल आणि प्रवास दोन महिन्यांनंतर असेल, तर ‘मोफत’ चाचणीची किंमत पूर्ण वर्गणीइतकी होते.

संमती देण्याच्या पडद्यावर तीन गोष्टी पाहाव्यात. कमाल रक्कम किती, किती दिवसांनी, आणि शेवटची तारीख कोणती? यूपीआय ऑटोपेमध्ये सुरुवातीला एक-दोन रुपयेच जातात. परंतु मान्यता त्याहून कितीतरी मोठ्या रकमेची दिलेली असू शकते. कार्डावरील आवर्ती वळतीसाठी रिझर्व्ह बँकेचे नियम १ ऑक्टोबर २०२१ पासून लागू झाले. त्यांनुसार रक्कम जाण्याच्या किमान २४ तास आधी ग्राहकाला सूचना मिळणे आणि संमती मागे घेण्याची सोय असणे बंधनकारक आहे. पुढील वळतीला ओटीपी न लागण्याची मर्यादा सुरुवातीला ५ हजार रुपये होती. जून २०२२ मध्ये ती १५ हजार करण्यात आली. म्हणजे दीड हजारांची वर्गणी ओटीपीविना जाऊ शकते. बँकेचा तो एक लघुसंदेश हीच शेवटची घंटा. जाहिरातींच्या गर्दीत तो न वाचता पुसला गेला, तर पैसे गेलेच समजावे.

सदस्यत्व रद्द करणे आणि बँकेला दिलेली संमती मागे घेणे या दोन स्वतंत्र कृती आहेत, हेही लक्षात ठेवले पाहिजे. केवळ ॲप मोबाइलवरून काढून टाकल्याने यांतील एकही साध्य होत नाही. दोन्ही करून त्यांची पोच जपून ठेवावी. पगाराचे खाते अशा योजनांना न जोडता, मोजकी रक्कम असलेले दुसरे खाते वापरणे अधिक सुरक्षित.

तरीही पैसे गेलेच, तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक साहाय्य क्रमांकावर तक्रार करता येते. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने ग्राहकाला आपल्या राहत्या जिल्ह्यातील आयोगाकडे दाद मागण्याचा अधिकार दिला आहे. कंपनी गुरुग्रामची असो वा बंगळुरूची, आसनगावच्या ग्राहकाला ठाण्यात तक्रार करता येते. भरलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असल्यास त्यासाठी शुल्क नाही. मात्र दीड हजारांसाठी कामावर खाडा करून ठाण्याच्या खेपा घालण्यापेक्षा अनेक जण गप्प बसणे पसंत करतात. या व्यवसायाला ग्राहकाचे हे दुसरे मौनही तितकेच सोयीचे असते.

खरा उपाय नियामकांच्या हातात आहे. चाचणीची मुदत संपताच सदस्यत्वही संपावे आणि ग्राहकाने नव्याने होकार दिल्यासच पुढे चालू राहावे, असा नियम झाला, तर निम्म्या तक्रारींचे मूळच नाहीसे होईल. रेल्वेचा पास इतकी वर्षे याच तत्त्वावर चालला आहे आणि त्यामुळे रेल्वेचे प्रवासी कमी झालेले नाहीत. तोपर्यंत ‘मोफत’ या शब्दापुढे बोट थबकले पाहिजे आणि पास काढताना मनात होतो तोच हिशेब येथेही झाला पाहिजे. किती फेऱ्या होणार? त्या आपण एरवीही करणार होतो का? आणि मुदत संपल्यावर काही न केल्यास काय होणार? यांतील शेवटच्या प्रश्नाचे उत्तर ‘पैसे जाणार’ असे असेल, तर नाव नोंदविण्याआधीच दिनदर्शिकेवर अठ्ठाविसाव्या दिवसाभोवती वर्तुळ काढावे. तेवढी तसदी घेणे नको वाटत असेल, तर ते सदस्यत्व आपल्यासाठी नाही.