तिकिटावर कोणाचे घर?

एखाद्या नामांकित हॉटेलाची शंभरी भरली, की त्याच्या स्मरणार्थ टपालतिकीट निघावे असे म्हणणारे कोणी ना कोणी पुढे येतेच. समुद्राकाठची जुनी वास्तू, घुमट, कमानी, राजेरजवाड्यांच्या मुक्कामाच्या कहाण्या. तिकिटाच्या चिमुकल्या चौकटीत हे सारे दिसतेही झकास. मुंबईचे ताजमहाल हॉटेल १६ डिसेंबर १९०३ रोजी उघडले. २०२८ साली त्याला सव्वाशे वर्षे होतील आणि ही मागणी पुन्हा ऐकू येईल. म्हणून आधीच बजावून ठेवतो: नुसता घुमट छापायचा असेल तर तिकीट काढूच नका.

टपालतिकीट म्हणजे निव्वळ हशील भरल्याची पावती असती, तर त्यावर आकडा पुरला असता. पण त्यावर ‘भारत’ असे लिहिलेले असते. ज्याचे चित्र तेथे येते त्याला देश आपला म्हणतो. पैसे भरून आपले छायाचित्र तिकिटाला जोडून घेण्याची ‘माय स्टॅम्प’ योजना टपाल खात्याने वेगळी चालविली आहे. मालकांना हौस असेल तर त्यांनी खुशाल तो रस्ता धरावा. स्मारक-तिकीट ही मात्र जाहिरातीची जागा नव्हे.

इमारती मिरवण्याची हौस परक्या सरकारलाही होती. १९३१ साली नव्या दिल्लीच्या उद्घाटनाची तिकिटे निघाली; त्यांत व्हाइसरॉयचे घर होते, सचिवालय होते. घर बांधणारे हात नव्हते. स्वतंत्र भारताने १९५८ साली शंभरीतल्या धोंडो केशव कर्व्यांना हयातीतच तिकिटावर आणले. राज्य कोणाचे, हे त्या दोन तिकिटांवरून शेंबडे पोरही सांगेल.

कोणी म्हणेल, १९४९ साली आपणही सांची आणि गोलघुमट छापलेच की! छापले. पण तेथल्या पाथरवटांची नावे काळाने पुसली आहेत. ताजच्या बाबतीत ही सबब चालणार नाही. आराखडा सीताराम खंडेराव वैद्य आणि डी. एन. मिर्झा यांचा. वैद्य १९०० साली, काम अर्धवट असतानाच वारले, ते डब्ल्यू. ए. चेंबर्स यांनी पुरे केले. एवढे सारे नोंदलेले असूनही मुंबईकर पाहुण्याला गोष्ट सांगतो ती कोणा गोऱ्या वास्तुकाराची: इमारत उलटी बांधलेली पाहून म्हणे त्याने जीव दिला! इमारत उलटी नाही, आपली स्मृती उलटी आहे. आपल्याच माणसाने एवढे काम केले हे आपल्याला पटत नाही, म्हणून आपण परक्याचे भूत उभे करतो.

मालकाच्या कर्तृत्वाचे काय, असेही विचारले जाईल. जमशेटजी टाटांचे तिकीट १९६५ सालीच निघाले आणि ते उचितच झाले. ते ऋण फिटले. राहिले आहे ते इतरांचे.

आणि २००८ च्या २६ नोव्हेंबरचे काय? घुमटाभोवतीचा धूर साऱ्या देशाने चित्रवाणीवर पाहिला. पाहुण्यांना बाहेर काढताना ज्यांनी गोळ्या झेलल्या ते आचारी त्या चित्रात नव्हते. त्यांचा त्या वास्तूवर कोणताच हक्क नव्हता. तेथे एक रात्र पाहुणा म्हणून राहणे त्यांच्यातल्या कितीजणांच्या पगारात बसले असते? तरी ती वास्तू नव्हे, तिच्यातली माणसे वाचवायची म्हणून ते पुढे झाले. घुमट दुरुस्त करता आला. माणसे दुरुस्त करता येत नाहीत.

तेव्हा तिकीट काढायचेच असेल तर एकावर वैद्यांचा आराखडा असू द्या, खाली त्यांचे पूर्ण नाव. दुसऱ्यावर आचाऱ्याची पांढरी टोपी. घुमट मागे, पुसट असला तरी चालेल. तो अपोलो बंदरावर फुकट पाहायला मिळतो. त्यासाठी देशाने पाच रुपयांचे तिकीट छापण्याची गरज नाही.