डाळ पातळ होत चालली आहे

महाराष्ट्रात पाच वर्षांखालील शंभर मुलांपैकी ३५ मुलांची वाढ खुंटलेली आहे. शंभरांतल्या ६९ बालकांना रक्तक्षय आहे, आणि त्यांना जन्म देणाऱ्या वयोगटातील निम्म्याहून अधिक बायकांनाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, २०१९-२१ मध्ये, हे नोंदले गेले. ही एकट्या मेळघाटची किंवा धडगावची गोष्ट नाही, साऱ्या राज्याची सरासरी आहे. त्यात मुंबई आहे, पुणे आहे, साखर कारखान्यांचा सधन पट्टा आहे. पोटाला पुरेसे मिळत नाही म्हणून हे घडते असे म्हणावे, तर याच राज्यात सुमारे सात कोटी लोक अन्नसुरक्षा कायद्याखाली रेशनचे धान्य घेतात. मग ही मुले अशी का?

उत्तर रेशनच्या पिशवीतच आहे. माणशी महिना पाच किलो आणि अंत्योदय कार्डावर ३५ किलो, तेही जानेवारी २०२३ पासून फुकट. ही सोय २०२८ च्या अखेरपर्यंत आहे. करोनाच्या काळात या धान्याने लाखो चुली विझू दिल्या नाहीत, त्याचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. पण अंगठा टेकवून मिळते ते बहुतेक वेळा गहू आणि तांदूळच. त्यावर घालायचे वरण, तोंडी लावायची भाजी, फोडणीचे तेल, पोराच्या ताटातले अंडे हे सगळे बाजारभावाने आणायचे. मजुरी अपुरी पडते ती इथे. आधी दूध बंद होते, मग अंडे, मग डाळ मूठभर कमी पडते आणि पाणी तांब्याभर जास्त. शेवटी भात आणि मिरची उरते. पोट भरते, म्हणून ओरड होत नाही. आणि ओरड होत नाही, म्हणून कोणी लक्षही देत नाही.

गेल्या दोन-तीन वर्षांत तुरीचे काय झाले ते पाहिले तरी धोरणातली ही फट दिसते. २०२४ मध्ये तूरडाळ दीडशे रुपयांच्या वर गेली आणि गरिबाच्या घरातून हद्दपार झाली. भाव आवरायला केंद्राने शुल्कमुक्त आयात चालू ठेवली. २०२५ च्या सुरुवातीला नवे पीक आले तेव्हा ७,५५० रुपये क्विंटल हा हमीभाव जाहीर असूनही लातूर-अकोल्याच्या शेतकऱ्याला त्याच्या खाली माल द्यावा लागला. डाळ महाग झाली तेव्हा खाणारा भरडला गेला, स्वस्त झाली तेव्हा पिकवणारा. पडत्या भावाच्या त्या दिवसांत सरकारने हमीभावाने भरपूर तूर उचलून, भरडून रेशनवर दिली असती तर दोघेही वाचले असते. हे अशक्य नाही. तमिळनाडूत रेशन दुकानातून तूरडाळ किलोला ३० रुपये दराने वर्षानुवर्षे मिळते आहे. तूर पिकवण्यात देशात आघाडीवर असलेल्या महाराष्ट्राला ते जमू नये?

ज्वारीची कथा याहून जुनी आणि जिव्हारी लागणारी. राज्य स्थापन झाले तेव्हा इथे साठ लाख हेक्टरांहून अधिक रानावर ज्वारी होती. आज त्याचा तिसरा हिस्साही उरलेला नाही. खरिपातली ज्वारी सोयाबीन आणि कपाशीने खाल्ली. रब्बीतली शाळू मंगळवेढा, बार्शी, जामखेडकडे अजून तग धरून आहे, पण ती हाताने उपटावी लागते आणि त्याला माणसे मिळत नाहीत. सस्ता गहू-तांदूळ घरोघर पोचला तसा गावातच ज्वारीला उठाव राहिला नाही. परिणाम असा की, ज्या भाकरीवर या प्रदेशाचे कष्टकरी जगले, ती आता शहरातल्या मधुमेही मध्यमवर्गाचे पथ्य झाली आहे. चांगली मालदांडी गव्हापेक्षा महाग मिळते आणि ती पिकवणाऱ्या गावातली शेतमजूर बाई रेशनच्या तांदळावर भागवते. २०२३ हे भरडधान्य वर्ष म्हणून साजरे झाले, पाककृतींचे महोत्सव झाले, नाचणीची बिस्किटे आकर्षक वेष्टनात आली. गरिबाच्या डब्यात मात्र त्यातले काही पडले नाही.

वास्तविक २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यातच भरडधान्य आहे. गहू दोन रुपये, तांदूळ तीन रुपये आणि भरडधान्य एक रुपया किलो, असा त्याचा मूळ दर होता. राज्याने हमीभावाने ज्वारी-नाचणी खरेदी करून रेशनवर द्यावी, यात कायद्याची आडकाठी नाही. ही धान्ये फार टिकत नाहीत हा आक्षेप खरा होता. म्हणून केंद्राने वाटपाची मुदतही वाढवून दिली. कर्नाटक दक्षिणेकडच्या जिल्ह्यांत नाचणी आणि उत्तरेकडच्या जिल्ह्यांत ज्वारी रेशनवर देतो. ओडिशाने २०१७ मध्ये सुरू केलेल्या मोहिमेतून आदिवासी शेतकऱ्यांची नाचणी विकत घेऊन ती रेशनवर आणली आणि अंगणवाडीत तिचे लाडू दिले. आपल्याकडे मात्र काही जिल्ह्यांपुरते, काही महिन्यांपुरते प्रयोग होतात आणि थांबतात. खरेदी केंद्र वेळेवर उघडेल आणि पुढच्या वर्षीही उघडेल याची खात्री असल्याखेरीज कोणता शेतकरी सोयाबीन मोडून ज्वारी पेरेल?

भाजीपाल्याबाबत रिझर्व्ह बँकेच्या अभ्यासकांनी २०२४ मध्ये हिशेब मांडला : गिऱ्हाइकाने टोमॅटोला मोजलेल्या रुपयातले ३३ पैसे शेतकऱ्याच्या हाती पडतात, कांद्याचे ३६. उरलेले वाहतूक, हमाली, तोलाई, नासधूस आणि मधल्या हातांत जातात. फळे-भाज्या २०१६ मध्ये बाजार समितीच्या नियमनातून मुक्त झाल्या, सावता माळी यांच्या नावाने शेतकरी आठवडे बाजार सुरू झाले. कल्पना उत्तम आहे. पण त्यांतले किती बाजार कामगार वस्तीच्या तोंडाशी भरतात, आणि धुणीभांडी उरकून बाई घरी परतते त्या वेळी, संध्याकाळी सातनंतर, भरतात? त्या वेळी तिच्या वाट्याला पिचके टोमॅटो आणि पिवळी पडलेली मेथी येते. शेजारच्या टपरीवर वेफरचा पुडा मात्र वर्षानुवर्षे पाच रुपयांनाच लटकतो आहे. त्यातले वजन घटते, किंमत नाही. मेथीच्या जुडीचा भाव आज दहा, उद्या तीस. रोजंदारीवर जगणारी आई ठरलेल्या किमतीकडे वळते, आणि त्यासाठी तिला आरोग्याचे धडे देण्याचा अधिकार कोणाला नाही.

सगळ्यांत अस्वस्थ करणारी गोष्ट शाळेतली आहे. पोषण आहारात पहिली ते पाचवीच्या मुलामागे डाळ, भाजी, तेल, मसाला आणि इंधन मिळून दिवसाला ६ रुपये ७८ पैसे मिळतात. मे २०२५ पासूनचा हा वाढीव दर आहे! एवढ्यात एक अंडे जेमतेम येते. नोव्हेंबर २०२३ मध्ये राज्याने आठवड्यातून एक अंडे, ते न खाणाऱ्याला केळे, असा चांगला निर्णय घेतला होता. जानेवारी २०२५ मध्ये त्यासाठीचा निधी काढून घेतला आणि अंडे हवे असेल तर शाळांनी लोकसहभागातून पाहावे, असे सांगितले. ज्या गावात मुले सर्वांत अशक्त, त्या गावाकडे वर्गणी द्यायला पैसाही सर्वांत कमी. तमिळनाडूतल्या शाळांत आठवड्याचे पाच दिवस अंडे मिळते. तिथली तिजोरी आपल्यापेक्षा भरलेली आहे असे नाही.

पैसे नाहीत, हे उत्तर आम्हाला मान्य नाही. वाढीच्या पहिल्या हजार दिवसांत जे मिळाले नाही ते पुढे दामदुपटीने दिले तरी भरून निघत नाही. आज अंगणवाडीत असलेले मूल दर अर्थसंकल्पाबरोबर एक वर्ष मोठे होते. त्याच्यासाठी पुढच्या पंचवार्षिकाची वाट पाहता येत नाही.

तुरीची नवी आवक जानेवारीत बाजारात येते आणि शाळू फेब्रुवारी-मार्चमध्ये निघते. शासनाला खरोखर काही करायचे असेल तर नोंदणी, बारदाना, गोदाम आणि भरडाईचे करार डिसेंबरच्या आत झाले पाहिजेत. दर वर्षी ते उशिरा होतात, तोवर गरजू शेतकऱ्याने माल व्यापाऱ्याला देऊन टाकलेला असतो. किमान अंत्योदय कार्डधारकांना महिन्याला दोन किलो डाळ, ज्वारीच्या पट्ट्यात तांदळाऐवजी ज्वारीचा पर्याय आणि शाळेतल्या अंड्याचा निधी परत, एवढे येत्या अर्थसंकल्पात तरतुदीसह आले पाहिजे. विधिमंडळात कोणता आमदार हा प्रश्न लावून धरतो, याची नोंद आम्ही ठेवू.